घरी न वाजणारी भांडी

मी मुलांना लिहायला शिकवू लागले तेव्हा मला स्वतःला लिहिता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना संकोच थोडा कमी होईल.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी एक निबंध लिहायला सांगितला होता. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत कुणी पोचलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात कसं लिहितात हे विचारावं असं कुणी नव्हतं. मी निबंधांच्या पुस्तकातली जड जड वाक्यं गोळा केली, एकापुढे एक मांडली आणि चार पानं भरून दिली. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने लिहिलं होतं, "अक्षर छान. पण हे तुमचं नाही." चोरी पकडली गेल्यासारखी मी दोन दिवस मान खाली घालून वर्गात बसले. त्यांनी चोरीबद्दल लिहिलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

दुसऱ्या वर्षी आमच्या जुन्या मराठी मिडल स्कूलच्या हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. त्या हिवाळ्यात आमच्या राज्याचं नाव बदललं होतं. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला होता आणि ग्वाल्हेर-इंदूरची ऑफिसं भोपाळला निघाली होती. उज्जैनचीही पुष्कळ मराठी माणसं त्यात होती. आठवड्याला एखाद्या तरी दारापुढे तांगा उभा असायचा आणि त्यावर ट्रंका चढत असायच्या. शाळेतल्या एक बाई नवऱ्याच्या बदलीमुळे अशाच गेल्या. हेडमास्तर म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, सकाळचे दोन तास घे, निबंध शिकव आणि यंदाचं हस्तलिखित काढून दे.

हस्तलिखित म्हणजे आमच्या शाळेचा हाताने लिहिलेला वार्षिक अंक. त्याची एकच प्रत निघते. जाड ड्रॉइंगच्या कागदावर टाकाने लिहायचं, भोवती वेलबुट्टी काढायची, रेशमी फितीने बांधायचं आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी टेबलावर ठेवायचं. गावातली सगळी मराठी मंडळी त्या दिवशी येतात, रांगेत उभी राहतात आणि पानं उलटतात. कुणाच्या मुलाचं काय आलंय, हे मग संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत चालतं. त्या वर्षी चित्रकलेच्या मास्तरांनी मुखपृष्ठ दिवाळीआधीच रंगवून ठेवलं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "उज्जैन, मध्य भारत" घातलं होतं. नंतर त्यांनी बडबडत त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. उजेडात धरलं की खालचा भारत दिसायचा.

मला काम मिळालं याचा आईला जितका आनंद झाला तितकीच मला भीती वाटली, आणि त्याचं कारण आईच होती. वडील सरकारी कचेरीत चपराशी होते. मी मिडलला असताना ते गेले. तेव्हापासून आई लोकांकडे स्वयंपाक करते. आमची खोली रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे, पण आईने मुद्दाम रुळांपलीकडे, फ्रीगंजात कामं धरली, म्हणजे गल्लीत कुणाला कळू नये. त्यातलं एक घर टॉवर चौकापाशी होतं. त्या उन्हाळ्यात नागपूरकडून बदलून आलेले रेल्वेतले साहेब, त्यांची बायको आणि एक मुलगी. ती मुलगी सातवीत होती, म्हणजे माझ्याच वर्गात येणार होती.

आईनेच ते मला आनंदाने सांगितलं. "अगं, आमची छोकरी तुझ्याच क्लासात आहे."

मी म्हटलं, "तिला सांगू नकोस हं. शाळेत कुणालाच नको."

आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "नाही सांगणार. कशाला सांगू."

पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी मला विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, आई असते. काय करतात? काही नाही, घरीच असते. हे उत्तर मी आधी ठरवलं नव्हतं, पण ते इतक्या पटकन आलं की आत कुठेतरी तयारच असावं. त्यानंतर मात्र मला ते सांभाळावं लागलं. नव्या शिक्षिकेची आई स्वयंपाकीण आहे हे कळू नये, एवढीच त्या हिवाळ्यात माझी धडपड होती. सातवीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलीकडे मी शक्यतो पाहत नसे.

मुलांना मी पहिला विषय दिला नदीकाठची सकाळ. वह्या तपासायला घेतल्या तर सगळ्या नद्यांवर एकच सूर्य उगवला होता. तांबूस रविबिंब, मंद झुळूक, पक्ष्यांचा किलबिलाट. पाच वह्यांत तर "निसर्गदेवतेने उधळलेला गुलाल" अगदी त्याच ओळीत होता. शिप्रेच्या काठी राहणाऱ्या एवढ्या मुलांपैकी एकानेही घाट पाहिलेला नव्हता. मला माझ्या वहीतली लाल शाई आठवली. पण तसं लिहिण्याचं धैर्य मला झालं नाही. मी सगळ्यांच्या वह्या तशाच परत दिल्या आणि सांगितलं की उद्या सकाळी रामघाटावर जा, कुठल्याही पुस्तकात नसतील अशा तीन गोष्टी पाहून या आणि तेवढ्याच लिहा. "सुंदर" हा शब्द लिहायचा नाही.

पोरं हसली. एकाने विचारलं, "बाई, मग मार्क कशाचे?"

पण ती गेली. नानाखेड्याकडून शेतांतून चालत येणारा एक मुलगा होता, तो तर अंधार असतानाच निघाला. कुणी लिहून आणलं की एका पंड्याच्या छत्रीला लुगड्याच्या काठाचं ठिगळ आहे. कुणी लिहिलं की न्हावी एकाच्या डोक्यावर वस्तरा चालवताना दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत होता आणि ज्याची हजामत चालली होती त्याने डोळे मिटून घेतले होते. एक मुलगी लिहिते की बायका पाण्यात उतरताना आधी पायाचा अंगठा बुडवतात आणि मग देवाचं नाव घेतात. मी ते वाचून दाखवत होते. हेडमास्तर दारात येऊन थोडा वेळ उभे राहिले. नंतर मला म्हणाले की हे ठीक आहे, पण याला निबंध म्हणायचं का, ते आपण एकदा ठरवायला हवं. मला तेव्हाही माहीत नव्हतं, आणि आता मी एम.ए.ला आहे तरी नक्की सांगता येणार नाही.

मग हस्तलिखिताचं काम सुरू झालं आणि मी मुलांना तिसरा विषय दिला. आपल्याला रोज दिसणारं, पण ज्याच्याकडे कुणी थांबून पाहत नाही, असं एक माणूस. हा विषय देताना माझ्या मनात दूधवाला होता, पोस्टमन होता, शाळेची घंटा वाजवणारा शिपाई होता. दुसरं कुणी येईल असं मनातच आलं नाही. याला चूक म्हणावं की आणखी काही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उन्हाला बसून मी वह्या वाचत होते. दुसऱ्या बाकावरच्या मुलीची वही आली. तिने लिहिलं होतं:

"आमच्याकडे स्वयंपाकाला एक काकू येतात. त्या आल्या की आधी चूल पाहतात आणि मग मला. त्या भांडी फार वाजवतात. झाकण ठेवलं तरी वाजतं, पळी ठेवली तरी वाजते. एकदा आई म्हणाली, काकू, जरा हळू. काकू म्हणाल्या, वहिनी, घरी वाजवता येत नाहीत हो. मुलगी कॉलेजात आहे, सारखी वाचत असते. घरी मी वाटीसुद्धा फडक्यावर ठेवते, म्हणून इथे वाजवून घेते. मग आई काही बोलली नाही. बाबा जेवताना म्हणतात, आज काकूंचा बँड जोरात आहे. काकू पोळी चिमट्याने उलटत नाहीत, दोन बोटांनी उलटतात. मी तसं करून पाहिलं तर मला फोड आला. काकू म्हणाल्या, तुला कशाला यायला पाहिजे, तू लिही-वाच. त्यांच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. ती फार हुशार आहे असं काकू सांगतात. पावसातसुद्धा काकू एकट्याच घरी जातात. मुलगी त्यांना कधी न्यायला येत नाही. तिला वेळ नसेल."

मी ते दोनदा वाचलं. वर्गात इतकं चांगलं कुणीच लिहिलं नव्हतं. मीही नाही. आमच्या खोलीत भांडी वाजत नाहीत हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. मला वाटायचं, आईचा हातच हलका आहे.

आणि त्याच वेळी मनात रांग उभी राहिली. स्नेहसंमेलनाचा दिवस, टेबल, पानं उलटणारी मंडळी. कॉलेजात जाणारी मुलगी आणि स्वयंपाक करणारी आई. अशा जोड्या आमच्या लोकांत किती असणार? नाव नसलं तरी चार माणसांत एक जण तरी म्हणेल, अहो, ही तर आपल्या शाळेतली.

मी त्या मुलीला बोलावलं आणि सांगितलं की हे आपल्या घरातलं आहे, अंकात असं देत नाहीत, तू दुसरं काही लिहून आण.

ती म्हणाली, "पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात, जे दिसतं ते लिहा."

"हो. पण सगळंच नाही."

"मग काय नाही लिहायचं, ते सांगा ना."

घंटा झाली, तिचा मला आधार वाटला.

त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी पुस्तक उघडून समोर बसले होते. शाळेतलं ती सहसा काही विचारत नाही, आपल्याला कळणार नाही असं तिला वाटतं. पण त्या दिवशी तिने विचारलं, "आज पोरांनी काय काय लिहून आणलं गं?"

मी म्हटलं, "असंच. काही खास नाही."

"बरं," ती म्हणाली. सूप तिने भिंतीला टेकवून ठेवलं. आवाज झाला नाही. या खेपेला ते माझ्या लक्षात आलं.

शनिवारी शाळा सकाळचीच असते. ती मुलगी पहिल्या तासालाच नवा कागद घेऊन आली. मथळा होता नदीकाठची सकाळ. तांबूस रविबिंब, मंद झुळूक, निसर्गदेवतेने उधळलेला गुलाल, सगळं जागच्या जागी होतं. अक्षर पहिल्यापेक्षा सुवाच्य होतं. तिने तो टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. बाईंना जे हवं ते दिलं, एवढंच होतं.

मी विचारलं, "आधीचा कुठे आहे?"

"घरी आहे. काकूंना वाचून दाखवला होता ना, त्यांना फार आवडला. त्यांनी दोनदा वाचायला लावला."

"कधी?"

"लिहिला त्याच दिवशी. तुम्हाला द्यायच्या आधी." मग ती म्हणाली, "तुम्ही घेतला नाही तेसुद्धा मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई म्हणतात तर बरोबरच असेल, त्या शिकलेल्या आहेत."

पुढचा तास मी कसा घेतला ते आठवत नाही. आई सगळं ऐकून बसली होती. शेवटची ओळसुद्धा. आणि तरी तिने मला विचारलं होतं, पोरांनी काय लिहिलं, आणि मी काही खास नाही म्हटल्यावर बरं म्हणाली होती. मी सांगू नकोस म्हटलं होतं म्हणून तिने त्यांना सांगितलं नव्हतं. माझी मान खाली जाऊ नये म्हणून तिने मलाही काही सांगितलं नाही, ते मला तेव्हा एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं.

शाळा सुटल्यावर मी घरी गेले नाही. रूळ ओलांडून टॉवर चौकात आले. शनिवारची गर्दी होती, कचोरीवाल्यापाशी सायकली लागल्या होत्या. मला घराचा आकडा माहीत नव्हता. आई एवढी वर्षं या भागात येत होती आणि तिची घरं नेमकी कुठे आहेत हे मी कधी विचारलं नव्हतं. एका पानवाल्याला विचारलं, भैया, रेल्वेवाले मराठी साहब कहाँ रहते हैं. त्याने गल्ली दाखवली. पण घर मला त्याच्या सांगण्यावरून सापडलं नाही. गल्लीत शिरले आणि एका खिडकीतून भांड्यांचा आवाज आला. झाकण, पळी, मग परात. मी खिडकीखाली उभी राहून थोडा वेळ ऐकलं. आमची आई इतकी मोठ्याने काम करू शकते, हे मला खरं वाटेना.

दार त्या मुलीनेच उघडलं. ती गोंधळली. तिला वाटलं मी तक्रार घेऊन आले आहे.

"बाई, मी दुसरा दिला ना लिहून?"

मी म्हटलं, "मी आईला न्यायला आले आहे."

आतून आई पदराला हात पुसत आली आणि मला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "काय झालं? बरं नाही का तुला?"

"काही नाही झालं. न्यायला आले."

आई त्या मुलीकडे पाहू लागली, मग माझ्याकडे, आणि आमचं गुपित तिच्याकडूनच फुटलं असावं अशा आवाजात घाईने म्हणाली, "मी काही नाही सांगितलं हो हिला."

"मीच सांगते," मी म्हटलं. आणि सांगितलं.

त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. हिशेब जुळत असावा तसं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे भांडी वाजतात ती तुमच्यामुळे."

आतून तिची आई हसली. आमची आईही तोंडाला पदर लावून हसली. मी त्या मुलीकडे पहिला कागद परत मागितला. तिने वहीतून काढून दिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, हे आता खोडायचं ना? तुम्ही तर आलात."

मी म्हटलं, "नको. तू लिहिलंस तेव्हा मी येत नव्हते."

परत जाताना आई वाटभर बोलत होती. एवढ्या लांब कशाला आलीस, ऊन किती आहे, अभ्यास पडून राहिला असेल, परीक्षा कधी आहे तुझी. लेखाबद्दल ती बोलली नाही. रुळांपाशी मालगाडी उभी होती म्हणून आम्ही थांबलो. तेव्हा मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने आधी दिली नाही, मग दिली.

तो लेख मी स्वतः टाकाने लिहून काढला. एक कागद वाया गेला, कारण शेवटच्या ओळीशी आल्यावर शाई सांडली. दुसऱ्यावर नीट उतरला. हेडमास्तरांनी वाचला. घरगुती आहे, म्हणाले, पण राहू दे. मी त्यांना म्हटलं, सर, ती कॉलेजातली मुलगी मी आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि इतकंच म्हणाले की मग तो आतल्या पानात नको, दुसऱ्या पानावर घे.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी आई धुतलेलं लुगडं नेसून आली. ती शाळेत आजवर कधी आली नव्हती, वडील असतानासुद्धा. रांग मोठी होती. तिचा नंबर आला तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. तिला वाचता येतं, पण पोथीपुरतं आणि हळू. तिने दुसरं पान काढलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि ओठ हलवत निघाली. मागची माणसं खोळंबली. मागच्या एक बाई म्हणाल्या, "अहो काकू, चला ना पुढे, सगळ्यांना पाहायचंय."

आईने बोट हलवलं नाही. "थांबा जरा," ती म्हणाली. "माझ्यावर लिहिलंय."

त्या बाईंनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या त्या दुसऱ्या बाईही जवळच होत्या, ज्यांना मी आई घरीच असते म्हणून सांगितलं होतं. मी टेबलाला वळसा घालून आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. जिथे ती अडली तिथे मी शब्द सांगत गेले. रांग थांबून राहिली. शेवटची ओळ तिने न अडखळता वाचली. ती तिला आधीपासून पाठ होती.

आता दुपारी तास नसला की मी तिला आणायला जाते. रोज जमत नाही. घरी मी तिला सांगून पाहिलं की भांडी वाजली तरी चालतील, मला त्रास होत नाही. ती हो म्हणते. आणि वाटी फडक्यावरच ठेवते.